शिवाजी पेठेतील बुजलेली तळी आणि भूदृश्य परिस्थितिविज्ञानाचे पदव्युत्तर अध्ययन : एक ऐतिहासिक विवेचन

सारांश

भूदृश्य परिस्थितिविज्ञान हा विषय पदव्युत्तर स्तरावर आज मुख्यत्वे उपग्रह प्रतिमा व संगणकीय नकाशे यांच्या साहाय्याने अभ्यासला जातो. ही साधने उपयुक्त असली तरी त्यांची कालमर्यादा सुमारे अर्ध्या शतकाची आहे. त्यापूर्वी झालेले भूमीतील बदल या साधनांच्या कक्षेत येत नाहीत. कोल्हापूर शहरातील शिवाजी पेठ व रंकाळा तलाव या परिसराचे उदाहरण घेऊन, स्थलनामे, जुने अहवाल, गॅझेटियर आणि मौखिक परंपरा यांच्या आधाराशिवाय भूदृश्याचे अध्ययन अपुरे राहते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. लेखाच्या अखेरीस महाविद्यालयीन अध्यापकांसाठी एक क्षेत्राभ्यास सुचविला आहे.

बीजसंज्ञा : भूदृश्य परिस्थितिविज्ञान, शिवाजी पेठ, रंकाळा, वरुणतीर्थ, स्थलनामे, सरकती आधाररेषा, पदव्युत्तर अध्यापन.

१. प्रस्तावना

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील गांधी मैदान सर्वांच्या परिचयाचे आहे. सभा, खेळ आणि उत्सव यांसाठी ते प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात या मैदानात पाणी साचते, हीही पेठेतील रहिवाशांच्या नित्य अनुभवाची गोष्ट आहे. हे पाणी येथेच का साचते, असा प्रश्न विद्यार्थ्याला विचारला तर तो गटारांची दुरवस्था, वाढते काँक्रीटीकरण अशी उत्तरे देतो. ती चुकीची नाहीत. परंतु ती अपुरी आहेत. या मैदानाच्या जागी पूर्वी वरुणतीर्थ नावाचे तळे होते. तळे बुजले, त्यावर मैदान झाले. पण आजूबाजूच्या जमिनीचा उतार आहे तसाच राहिला. पाणी आजही आपल्या जुन्या जागी येते.

ही माहिती पेठेतील वृद्धांना आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकांनाही आहे. मात्र पर्यावरणशास्त्र किंवा भूगोल या विषयाचा पदव्युत्तर विद्यार्थी जेव्हा याच परिसराचा भूमी-उपयोग नकाशा तयार करतो, तेव्हा त्या नकाशात गांधी मैदानाची नोंद ‘मोकळी जागा’ एवढीच होते. ही नोंद तांत्रिक दृष्टीने अचूक असते. तरीही तिच्यावर आधारलेला निष्कर्ष दिशाभूल करणारा ठरू शकतो. कोणतीही मोकळी जागा आणि बुजविलेले तळे यांचे जलशास्त्रीय वर्तन एकच मानता येत नाही. अचूक नकाशा आणि अपुरे आकलन यांतील हे अंतर कसे निर्माण होते व ते अध्यापनातून कसे कमी करता येईल, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. विषयाची जडणघडण

‘भूदृश्य परिस्थितिविज्ञान’ ही संज्ञा जर्मन भूगोलतज्ज्ञ कार्ल ट्रोल यांनी १९३९ मध्ये रूढ केली. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांच्या अभ्यासातून त्यांना ही कल्पना सुचली, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. माती, पाणी, वनस्पती व मानवी वस्ती यांची परस्परांशी झालेली गुंफण वरून पाहताना एकाच दृष्टिक्षेपात येते, असे त्यांच्या लक्षात आले. म्हणजेच हा विषय जन्मतःच ‘वरून पाहण्याच्या’ साधनाशी जोडलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा विषय प्रामुख्याने मध्य युरोपात व नेदरलँड्समध्ये वाढला. तेथे शेती, गावे, कालवे आणि जंगले शतकानुशतके एकमेकांत मिसळलेली असल्यामुळे माणसाला वगळून भूदृश्याचा विचार करणे शक्यच नव्हते. १९८२ मध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९८६ मध्ये रिचर्ड फोरमन व मिशेल गोद्राँ यांचा पाठ्यग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात मांडलेल्या खंड, मार्गिका व आधारक्षेत्र या तीन संकल्पना आज सर्वत्र शिकविल्या जातात. शेतांच्या विस्तारात उरलेली देवराई हा एक खंड, ओढ्याकाठची झाडी ही मार्गिका आणि सभोवारची उसाची शेती हे आधारक्षेत्र, असे कोल्हापूर जिल्ह्यातील उदाहरण देता येईल.

देवराईचे उदाहरण येथे सहज आलेले नाही. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांवर केलेले लेखन हे महाराष्ट्रातील भूदृश्यविषयक अभ्यासाचे आरंभीचे महत्त्वाचे पाऊल होय. वनस्पतींच्या नोंदीबरोबरच श्रद्धा, निर्बंध व ग्रामव्यवस्था यांची दखल त्यात घेतलेली आहे. परंतु त्यानंतरच्या काळात आपल्याकडील बहुतेक विद्यार्थ्यांचे लक्ष घाटातील वनक्षेत्रांकडेच राहिले. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला राधानगरी-दाजीपूरचे अभयारण्य स्वाभाविकपणे अभ्यासयोग्य वाटते. शिवाजी पेठ तशी वाटत नाही. शहर हेही एक भूदृश्य आहे आणि त्याला स्वतःचा परिस्थितिकीय इतिहास आहे, ही जाणीव अभ्यासक्रमात अद्याप पुरेशी रुजलेली नाही.

३. करवीर नगरीची जलमय पार्श्वभूमी

कोल्हापूर शहर हे मुळात सहा खेड्यांच्या एकत्रीकरणातून बनले, असे मानले जाते. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर ही ती सहा खेडी होत. यांपैकी ब्रह्मपुरी ही पंचगंगेच्या काठावरील टेकडी. तेथे १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननातून सातवाहनकालीन समृद्ध वस्तीचे पुरावे मिळाले. रंकाळा, पद्माळा व रावणेश्वर या तीन वस्त्यांची नावे तळ्यांशी निगडित आहेत. म्हणजे नगराच्या घटक वस्त्यांपैकी निम्म्यांची ओळख साठलेल्या पाण्यावरून होत होती आणि ब्रह्मपुरीची वस्ती वाहत्या पाण्याच्या काठी उंचवट्यावर वसलेली होती.

या तळ्यांखेरीज कपिलतीर्थ, वरुणतीर्थ, कोटितीर्थ, खंबाळा, सिद्धाळा अशी अनेक जलाशयांची नावे कोल्हापूरच्या इतिहासात आढळतात. रंकाळ्याला लागून असलेला परताळा आणि शिवाजी पेठ परिसरातील पेटाळा मैदान ही नावेही याच मालिकेत बसणारी वाटतात. नावाच्या अखेरीस येणारा ‘ळा’ हा ‘तळे’ या शब्दाचा अवशेष असावा, अशी उपपत्ती सांगितली जाते. मात्र येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. प्रत्येक ‘ळा’कारान्त नाव तळ्याचेच असेल असे नाही. स्थलनाम हा संशोधनाचा प्रारंभबिंदू आहे; तो पुरावा म्हणून स्वीकारण्यापूर्वी जुना नकाशा, लिखित नोंद किंवा जमिनीचा उतार यांपैकी किमान एका स्वतंत्र साधनाने त्याची पडताळणी झाली पाहिजे.

शिवाजी पेठ ही जुने नगर आणि रंकाळा यांच्या दरम्यान वसलेली आहे. तटबंदीच्या काळातील नगररचनेच्या खुणा या परिसरातील नावांत टिकून आहेत. वरुणतीर्थ वेस या नावात तळे आणि नगराची वेस या दोन्ही नाहीशा झालेल्या गोष्टी एकत्र सापडतात. तटाकडील तालीम हे नाव असलेली तालीम आजही आहे. तट मात्र नाही. रंकाळा वेस, गंगावेस ही नावे पाण्याकडे जाणाऱ्या वाटा दाखवितात. भूदृश्य परिस्थितिविज्ञानाच्या परिभाषेत सांगायचे तर, नगराच्या सीमारेषा व मार्गिका या नावांच्या रूपाने नोंदल्या गेल्या आहेत.

लिखित साधनांत दोन ग्रंथ विशेष महत्त्वाचे आहेत. मेजर डी. सी. ग्रॅहम यांनी कोल्हापूर संस्थानाविषयी तयार केलेला सांख्यिकीय अहवाल १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी कोल्हापुरात नगरपालिकेची स्थापना झाली. त्यानंतर १८८६ मध्ये मुंबई गॅझेटियरच्या मालिकेतील कोल्हापूरविषयक चोविसावा खंड निघाला. हे ग्रंथ वसाहतकालीन प्रशासनाच्या गरजेतून लिहिले गेले असल्याने त्यांतील दृष्टिकोन तपासूनच स्वीकारावा लागतो. तरीही जमीन, पाणी, पिके व वस्ती यांची एकत्र नोंद करण्याची त्यांची पद्धत भूदृश्याच्या अभ्यासकाला फार उपयोगी आहे.

४. तळी का बुजली?

तळी बुजविण्यामागे केवळ जागेचा लोभ होता, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. दोन कारणांचा विचार येथे करावा लागतो.

पहिले कारण पाणीपुरवठ्यातील बदलाचे. पूर्वी कात्यायनीच्या टेकड्यांकडून नळाने शहरात पाणी आणले जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळंबा तलावाची योजना झाली आणि तेथील पाणी शहरात येऊ लागले. मंगळवार पेठेतील ‘पाण्याचा खजिना’ हे स्थान त्या व्यवस्थेची आठवण देते. पिण्याचे पाणी बाहेरून आणि नळाने येऊ लागले की पेठेतील तळ्याचे दैनंदिन महत्त्व कमी होते. ज्या तळ्याचे पाणी कोणी पीत नाही, त्यातील गाळ काढण्याची निकडही कोणाला वाटत नाही.

दुसरे कारण सार्वजनिक आरोग्याविषयीच्या कल्पनांचे. साचलेल्या पाण्यातून दूषित हवा पसरते, अशी समजूत एकोणिसाव्या शतकात प्रबळ होती. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाचा डासांशी असलेला संबंध सिद्ध केल्यावर तळ्यांविरुद्धच्या भूमिकेला शास्त्रीय आधार मिळाला. मुंबईत सी. ए. बेंटली यांचा हिवतापविषयक अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्या सुमारास तेथील अनेक विहिरी व तलाव बंद करण्यात आले. धोबी तलाव, दोन टाकी ही नावे राहिली, पाणी गेले. गोवालिया टँक या तलावाच्या जागी मैदान झाले व १९४२ च्या ऑगस्टमधील ऐतिहासिक सभा त्या मैदानात भरली. वरुणतीर्थाचे गांधी मैदान होणे, कपिलतीर्थाच्या जागी भाजी मंडई उभी राहणे, रावणेश्वर तलावाच्या परिसरात क्रीडांगण होणे या घटना याच व्यापक प्रवाहाचा भाग म्हणून पाहाव्या लागतात.

याच काळात वेगळा आवाजही उठला होता, हे विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. भारतीय नगरांविषयीच्या आपल्या अहवालांतून त्यांनी तळी सरसकट बुजविण्यास विरोध केला. तळी हवेतील उष्मा कमी करतात, पावसाचे पाणी सामावून घेतात आणि डासांचा बंदोबस्त मासे व बदके पाळूनही करता येतो, असे त्यांचे म्हणणे होते. ट्रोल यांनी संज्ञा रूढ करण्याच्या दोन दशके आधी मुंबई इलाख्यातील एका विद्यापीठात हा विचार पोहोचलेला होता. तो नगरपालिकांच्या व्यवहारात उतरला नाही, ही गोष्ट वेगळी.

५. उपग्रह प्रतिमांची कालमर्यादा व आकारमर्यादा

भूदृश्यातील बदल मोजण्यासाठी विद्यार्थी सामान्यतः लँडसॅट व भारतीय सुदूर संवेदन उपग्रहांच्या प्रतिमा वापरतात. लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह जुलै १९७२ मध्ये सोडण्यात आला. योगायोग असा की त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोल्हापूर नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. भारताचा पहिला सुदूर संवेदन उपग्रह आय.आर.एस.-१ए मार्च १९८८ मध्ये कार्यान्वित झाला. २००८ पासून लँडसॅटचा संपूर्ण संग्रह विनामूल्य उपलब्ध झाल्याने अशा अभ्यासांची संख्या पुष्कळ वाढली.

येथे दोन अडचणी संभवतात. पहिली कालाची. १९७२ ही विद्यार्थ्याची ‘आधाररेषा’ ठरते आणि त्या वर्षीची स्थिती हीच मूळ स्थिती, असा समज नकळत होतो. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये या प्रमादाला ‘सरकती आधाररेषा’ असे नाव दिले. प्रत्येक पिढीचा अभ्यासक आपल्या कारकिर्दीच्या आरंभीची स्थिती प्रमाण मानतो आणि त्यापूर्वीची हानी हिशेबातून गळते, असे त्यांचे निरीक्षण होते. माशांच्या बाबतीत मांडलेला हा विचार पेठेतील तळ्यांनाही तंतोतंत लागू पडतो.

दुसरी अडचण आकाराची. पहिल्या लँडसॅटची विभेदनक्षमता सुमारे ८० मीटर होती. म्हणजे प्रतिमेतील एक चौकट साधारण ६,४०० चौरस मीटर, अर्थात दीड एकराहून किंचित अधिक जागा व्यापते. पेठेतील लहान जलाशय अशा एक-दोन चौकटींत घरे, झाडे व रस्ते यांच्याबरोबर मिसळून जातो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहातही २.२५ हेक्टरांहून, म्हणजे सुमारे साडेपाच एकरांहून लहान पाणथळींची सीमा आखलेली नसून त्या केवळ बिंदूंनी दर्शविल्या आहेत. राष्ट्रीय पातळीवरील कामात अशी मर्यादा घालणे अपरिहार्य असते. परंतु नगरातील तळी बहुधा लहानच असतात. त्यामुळे दाट वस्तीला ज्यांची सर्वाधिक गरज असते, नेमके तेच जलाशय नकाशांत सर्वांत अस्पष्ट राहतात.

६. रंकाळा : टिकलेल्या तलावाची साक्ष

रंकाळ्याच्या जागी पूर्वी दगडाची खाण होती व भूकंपानंतर तेथे पाणी आले, अशी परंपरागत कथा आहे. तलावातील संध्यामठ पाण्याच्या पातळीप्रमाणे बुडतो व उघडा पडतो. पेठेतील लोक त्यावरून तलावाच्या पातळीचा अंदाज बांधत आले आहेत. पश्चिम काठावरील शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ या काळात बांधला गेला. विस्तीर्ण आकार, धार्मिक महत्त्व आणि राजाश्रय यांमुळे रंकाळा बुजविला गेला नाही.

तथापि टिकणे आणि निरोगी राहणे यांत फरक आहे. तलावाच्या पाणलोटातील शेतजमिनींवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसाहती उभ्या राहिल्या. नाल्यांतून येणाऱ्या सांडपाण्यामुळे तलावात नत्र व स्फुरद यांचे प्रमाण वाढले. केंदाळ व शैवाल यांचा प्रादुर्भाव झाला. तलावाच्या शुद्धीकरणासाठी वेळोवेळी योजना आखल्या गेल्या आणि केंदाळ काढण्यासाठी नागरिकांनीही श्रम केले. परंतु केंदाळ हे लक्षण आहे. रोगाचे मूळ पाणलोटात आहे. काठावर संरक्षक भिंत, उद्यान व दिवे केल्याने तलावाची शोभा वाढते; मात्र काठावरील उथळ पाणथळ पट्टा, ज्यात गाळ व पोषकद्रव्ये अडतात, तो त्यामुळे संपुष्टात येऊ शकतो. तलावाला पाण्याचा साठा न मानता पाणलोटाचा घटक मानणे, हीच भूदृश्य परिस्थितिविज्ञानाची शिकवण आहे.

येथे एका अतिशयोक्तीपासून दूर राहिले पाहिजे. २०१९ व २०२१ मध्ये कोल्हापुरात महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पलीकडे गेले. पेठेतील तळी बुजली म्हणून हे महापूर आले, असे विधान अनेकदा केले जाते. ते ग्राह्य नाही. भोगावती, कासारी, कुंभी व तुळशी या नद्यांच्या विस्तृत पाणलोटातून आलेले पाणी काही तळ्यांत सामावणे शक्य नव्हते. पेठेतील तळ्यांचे कार्य वेगळ्या प्रमाणावरचे होते. स्थानिक पावसाचे पाणी काही काळ थोपविणे व ते हळूहळू जमिनीत मुरविणे हे ते कार्य होय. गांधी मैदानातील पाणी आणि पंचगंगेचा पूर या दोन भिन्न प्रमाणांवरील प्रक्रिया आहेत. प्रमाणाचा हा विवेक या विषयाचा गाभा असून पदव्युत्तर विद्यार्थ्याकडून त्याची अपेक्षा केली पाहिजे.

७. अध्यापनासाठी एक सूचना

वरील विवेचनाच्या आधारे पदव्युत्तर स्तरावर पुढील क्षेत्राभ्यास घेता येईल. तो भूगोल, पर्यावरणशास्त्र, वनस्पतिशास्त्र व इतिहास या विभागांनी संयुक्तपणे घ्यावा.

पहिल्या टप्प्यात विद्यार्थ्यांनी निवृत्ती चौकापासून रंकाळ्यापर्यंतच्या परिसरातील गल्ल्या, चौक, तालमी, मंदिरे व मैदाने यांच्या नावांची सूची करावी आणि पाणी, उतार, झाडे किंवा तटबंदी सूचित करणारी नावे वेगळी काढावीत. दुसऱ्या टप्प्यात ग्रॅहम यांचा अहवाल, १८८६ चे गॅझेटियर, नगरभूमापनाचे नकाशे व भारतीय सर्वेक्षण खात्याचे स्थलनिर्देशक नकाशे यांच्याशी ही सूची ताडून पाहावी. तिसऱ्या टप्प्यात वृद्ध रहिवाशांच्या मुलाखती घ्याव्यात. विहिरी कोठे होत्या, उन्हाळ्यात कोणती आटत नसे, मुसळधार पावसात कोणत्या गल्लीत प्रथम पाणी येते, हे प्रश्न विचारावेत. चौथ्या टप्प्यात प्रत्यक्ष उतार मोजून, पावसाळ्यातील पाण्याच्या खुणा नोंदवून त्यानंतरच उपग्रह प्रतिमा उघडावी.

हा क्रम हेतुपुरस्सर सुचविला आहे. प्रतिमा प्रथम पाहिली की तिच्यातील वर्गीकरण मनात पक्के बसते आणि पुढील चौकशी त्या चौकटीतच होते. या अभ्यासाला खर्च अल्प आहे. महागड्या संगणकप्रणालीची सोय नसलेल्या महाविद्यालयालाही तो शक्य आहे. इतिहासाच्या अध्यापकांचा सहभाग येथे केवळ पार्श्वभूमी सांगण्यापुरता नसून साधनांची चिकित्सा शिकविण्यासाठी आवश्यक आहे. मुलाखतीत सांगितलेली आठवण आणि नकाशावरील रेषा यांत विसंगती आढळल्यास काय करावे, हे इतिहासाची शिस्तच शिकवू शकते.

८. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. कोल्हापूरच्या शिवाजी पेठ परिसरातील जलाशयांचे रूपांतर ही उपग्रह प्रतिमांच्या आधारे मोजता न येणारी, परंतु आजच्या पाणीप्रश्नांशी थेट निगडित असलेली घटना आहे. तळी बुजविण्यामागे पाणीपुरवठा व आरोग्य यांविषयीची तत्कालीन कारणे होती. त्यांचा दोषारोपाच्या भूमिकेतून नव्हे, तर कार्यकारणाच्या दृष्टीने विचार व्हावा. स्थलनामे व मौखिक परंपरा ही भूदृश्याच्या अभ्यासाची ग्राह्य साधने आहेत. मात्र त्यांची स्वतंत्र पडताळणी अनिवार्य आहे.

या साधनांपैकी एकाची मुदत संपत चालली आहे, याकडे अखेरीस लक्ष वेधणे आवश्यक वाटते. अहवाल व गॅझेटियर ग्रंथालयांत सुरक्षित आहेत आणि उपग्रह प्रतिमा तर कायमच उपलब्ध राहतील. पेठेतील जुन्या विहिरी व तळ्यांच्या जागा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्या पिढीतील माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत. जुने वाडे पाडून त्या जागी इमारती उभ्या राहत असताना विहिरी व उतार यांच्या खुणाही पुसल्या जात आहेत. त्यामुळे वर सुचविलेल्या टप्प्यांपैकी मुलाखतींचा टप्पा पुढील शैक्षणिक वर्षावर न टाकता चालू सत्रातच हाती घेणे उचित ठरेल.